रंगीत आकारांचा खेळ: आईबाबा आणि बालवाडीच्या ताई वारंवार विचारतात ते प्रश्न

बावीस वर्षं बालवाडी चालवते आहे. पालकसभेत, फाटकाशी मूल न्यायला आलेल्या आजीकडून, नव्यानं रुजू झालेल्या ताईंकडून त्रिकोण-चौकोनांबद्दल जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत. जिथे जुन्या जाणत्यांचं काही घेतलं आहे, तिथे त्यांचं नाव दिलं आहे.

आकारांचा खेळ कितव्या वर्षापासून सुरू करायचा?

तुम्ही सुरू करायच्या आधीच तो सुरू झालेला असतो. सव्वा वर्षाचं मूल डब्यावर झाकण बसवायला धडपडतं, वाटीत वाटी घालतं, वाटी मोठी निघाली की ती उलटी करून बघतं. हाच पहिला धडा. साधारण दोन-अडीच वर्षांचं मूल सारख्याला सारखं जुळवतं, म्हणजे गोल भोकात गोल तुकडा घालतं. नाव मात्र त्याला सांगता येत नाही, आणि त्याची घाईही नको. तिसऱ्या वर्षाच्या आसपास ‘गोल’ आणि ‘चौकोन’ तोंडात येतात, मग त्रिकोण. आयत आणि चौरस यांतला फरक बहुतेक मुलांना पाचव्या वर्षापर्यंत नीट सांगता येत नाही.

हात आधी, डोळे मग, शब्द शेवटी. हा क्रम उलटा केला की मूल नावं पाठ करतं, पण आकार त्याच्या ओळखीचा होत नाही.

मुलगी पुस्तकातला त्रिकोण बरोबर सांगते, पण पिवळा त्रिकोण दाखवला की गप्प होते. असं का?

तुमच्या पुस्तकात त्रिकोण कायम लालच आहे का, ते बघा.

माझ्या बालवाडीत सुरुवातीच्या काळात एक सुंदर प्लास्टिकचा संच होता. सगळे त्रिकोण लाल, सगळे चौकोन निळे, सगळे गोल पिवळे. दोन महिन्यांत मुलं धडाधड नावं सांगायला लागली आणि मला फार आनंद झाला. एके दिवशी एका मुलाच्या आईनं लाल टिकल्यांचं पाकीट आणलं होतं. तिच्या साडेतीन वर्षांच्या मुलानं त्यातली एक गोल टिकली बोटावर चिकटवली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, “ताई, त्रिकोण!” त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी त्याला दोन महिने ‘त्रिकोण’ या नावानं लाल रंग शिकवला होता.

मुलाच्या डोळ्याला रंग आधी दिसतो. रंग बघून काम भागत असेल तर ते कडा आणि कोपरे बघायचे कष्ट कशाला घेईल? म्हणून प्रत्येक आकार प्रत्येक रंगात हवा. बाजारातले पुष्कळ संच आजही एका आकाराला एकच रंग देतात. विकत घेताना मी सगळ्यात आधी हीच गोष्ट तपासते, लाकूड की प्लास्टिक हे त्यानंतर.

मग संच कसा असावा? घरी करता येईल?

येईल, आणि घरचाच चांगला होतो. चार आकार घ्या: वर्तुळ, चौरस, आयत, त्रिकोण. प्रत्येक आकार तीन रंगांत, प्रत्येक रंगात एक मोठा आणि एक लहान. ४ × ३ × २, म्हणजे २४ तुकडे. कोणतेही दोन तुकडे हुबेहूब सारखे नकोत, यातच सगळी मजा आहे.

ही कल्पना माझी नाही. बुडापेस्टमध्ये जन्मलेले गणितज्ञ झोल्टान डीन्स यांनी मुलांना तर्क शिकवायला असेच ठोकळे वापरात आणले. त्यांच्या संचात जाड-पातळ हा चौथा फरकही होता, म्हणून तुकडे ४८. घरी जाड-पातळ करणं जिकिरीचं होतं, आपल्याला २४ पुरतात.

पुठ्ठा साडीच्या नाहीतर बुटांच्या खोक्याचा घ्या. जाड लग्नपत्रिकाही चालतात, दोन-तीन एकावर एक चिकटवायच्या. मोठा तुकडा ८ सेंटिमीटरचा, लहान ५ सेंटिमीटरचा ठेवा. घोटीव कागद दोन्ही बाजूंनी चिकटवा. एकाच बाजूला रंग असेल तर तुकडा उलटा पडला की मूल अडतं. वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावली की लाळेनं आणि ओल्या हातांनी तो खराब होत नाही. कात्री तुम्हीच चालवा, पण चिकटवायला मुलांना बसवा. कडेवरून बोट फिरवत कागद दाबताना ती जे शिकतात, ते तयार तुकडा हातात देऊन मिळत नाही.

या तुकड्यांचं करायचं काय? रचून झालं की मूल कंटाळतं.

पहिले आठ दिवस काहीच सांगू नका. नुसते पसरून द्या. कुणी रस्ता करेल, कुणी ताटात वाढेल, कुणी सगळे मोठे तुकडे स्वतःकडे घेऊन बसेल. तेही वर्गीकरणच आहे.

त्यानंतर मी तीन खेळ घेते.

पहिला, “माझी युक्ती ओळख.” मी न बोलता तुकड्यांचे दोन ढीग करते आणि मूल ओळखतं की मी काय बघून वेगळे केले. मग पाळी मुलाची. एका मुलीनं केलेले ढीग मला ओळखूच येईनात. तिनं सांगितलं, “हे घरंगळतात, हे नाही.” तुकडे उभे धरून तिनं एकेक घरंगळवून पाहिला होता.

दुसरा, आगगाडी. पहिला तुकडा ठेवायचा. पुढच्या डब्यात फक्त एक गोष्ट बदललेली हवी: रंग किंवा आकार किंवा माप. मोठ्या लाल चौरसामागे मोठा निळा चौरस चालेल, लहान लाल चौरस चालेल, लहान निळा चौरस नाही. साडेचार-पाच वर्षांची मुलं यात रंगून जातात आणि एकमेकांच्या चुकाही पकडतात. तीन वर्षांच्या मुलाला हा खेळ देऊ नका, त्याला एका वेळी एकच गोष्ट धरता येते.

तिसरा पिशवीचा. कापडी पिशवीत पाच-सहा तुकडे घाला, आत हात घालून न बघता त्रिकोण काढायला सांगा. इथे रंगाचा उपयोगच नाही, त्यामुळे मूल कोपरे मोजायला लागतं. नीट बघा: बोट कडेवरून सरकतं, टोकाशी थांबतं, पुन्हा सरकतं. त्याच क्षणी त्रिकोण त्याच्या हाताला समजत असतो. ज्या मुलांची दृष्टी अधू आहे त्यांनाही हा खेळ सगळ्यांबरोबर खेळता येतो, म्हणून माझ्याकडे तो आठवड्यातून दोनदा तरी असतोच.

लाडूही गोल, बांगडीही गोल, पापडही गोल. मुलाला नेमकं काय सांगायचं?

घरातल्या बोलीत आपण या सगळ्यांना गोल म्हणतो, आणि पुढे गणिताच्या पुस्तकात गोल म्हणजे चेंडूसारखी घनाकृती, तर सपाट आकाराचं नाव वर्तुळ. तीन वर्षांच्या मुलाला ‘गोल’ म्हणू द्या, दुरुस्त करत बसू नका. तुम्ही मात्र बोलताना दोन शब्द वापरा: लाडवाला गोळा, पापडाला वर्तुळ. आणि हातात देऊन दाखवा. लाडू कसाही ठेवला तरी घरंगळतो. पापड आडवा ठेवला की बसून राहतो. बांगडीतून हात आरपार जातो, पापडातून जात नाही, म्हणून बांगडी ही वर्तुळाची नुसती कड.

फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षकानं १८३७ मध्ये बाड ब्लँकनबुर्ग इथे लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. त्याच्या खेळसाहित्याची सुरुवात सपाट आकारांनी होत नाही. आधी लोकरीचे रंगीत चेंडू, मग लाकडी गोळा, घन आणि दंडगोल, मग आठ छोट्या घनांत सुटणारा घन. सपाट तुकडे बरेच नंतर येतात. मलाही हा क्रम पटतो. मुलाच्या जगात सपाट असं काही नसतंच, सगळ्या वस्तू हातात मावणाऱ्या नाहीतर न मावणाऱ्या. म्हणून तक्त्याच्या आधी लाटणं, चेंडू आणि काडेपेटी.

त्रिकोण उलटा ठेवला की मुलगा म्हणतो, “हा त्रिकोण नाही.”

कारण त्यानं पाहिलेला प्रत्येक त्रिकोण खाली बूड टेकून, डोंगरासारखा बसलेला होता. तसंच चौरस जरा फिरवून टोकावर उभा केला की मुलं त्याला शंकरपाळं म्हणतात. या वयात मूल आकार आख्खा, चेहऱ्यासारखा ओळखतं. बाजू आणि कोन यांच्याकडे लक्ष पुढे जातं. पिअर आणि दीना व्हॅन हील या डच दांपत्यानं १९५७ मध्ये या पायऱ्यांची मांडणी केली.

उपाय सोपा आहे. लांबट, बुटके, कलंडलेले, सुईसारखे टोकदार, सगळ्या तऱ्हांचे त्रिकोण द्या. तुकडा मुलासमोर हळूहळू फिरवा आणि विचारा, “आता बदलला का? केव्हा बदलला?” बरोबरीनं फसवे तुकडेही ठेवा: एक बाजू वाकडी असलेला, कोपरा गोल झालेला, बाजू न जुळलेला. “हा त्रिकोण का नाही?” या प्रश्नावर मूल जितकं बोलतं, तितकं “हा काय आहे?” यावर बोलत नाही.

चौरस हाही आयतच ना? मग मुलांना वेगळं का सांगतात?

हो, चारही कोन काटकोन आहेत म्हणून चौरस आयतच आहे. चार वर्षांच्या मुलाला हे सांगून काही साधत नाही. पण “चौरस म्हणजे आयत नव्हे” असंही सांगू नका, पुढे ते विसरायला लावावं लागतं. “हा लांबट आहे, याच्या सगळ्या बाजू सारख्या आहेत” एवढंच बोला.

मुलगी चार वर्षांची आहे, त्रिकोण ओळखते पण काढता येत नाही. शाळेतून पानंच्या पानं गिरवायला येतात.

काढता येणार नाहीच, आणि यात तिचं काही कमी नाही. बघून वर्तुळ काढता येतं साधारण तिसऱ्या वर्षी, चौरस चार-साडेचारला, त्रिकोण पाचला, आणि शंकरपाळ्याचा आकार सहा-सातला. तिरकी रेघ ठरलेल्या जागी वळवणं हाताला अवघड असतं. ओळखणं आणि काढणं यांत अशी दोन वर्षांची दरी असणं सर्वसाधारण आहे.

त्या गिरवण्याच्या पानांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. रडत काढलेल्या तीस त्रिकोणांनी बोटांत बळ येत नाही. कणीक मळणं, शेंगा सोलणं, मणी ओवणं, ओल्या वाळूत बोटानं आकार काढणं, याने येतं. शाळेतल्या बाईंशी शांतपणे बोला. पान पूर्ण झालं नाही तर मुलीला बोल लावणार नाही, एवढं तरी ठरवून घ्या.

लाकडी माँटेसरी साहित्य महाग आहे. ते आणलं नाही तर मूल मागे पडेल का?

अजिबात नाही. साहित्य चांगलं आहे, ते कसं चालतं हे मात्र समजून घ्या. मारिया माँटेसरींच्या लाकडी आकारांना मधोमध एक छोटी मूठ असते, ती तीन बोटांच्या चिमटीत धरावी लागते आणि पुढे पेन्सिल धरणारी बोटं तिथेच तयार होतात. आकार चुकीच्या खोबणीत बसतच नाही, त्यामुळे “चुकलं” असं मोठ्यांनी सांगावं लागत नाही. या दोन गोष्टी घरच्या वस्तूंतूनही साधतात. वेगवेगळ्या आकारांच्या डब्यांची झाकणं एकत्र करून द्या, चुकीचं झाकण बसणारच नाही.

महाराष्ट्राला हे नव्यानं सांगायची गरज नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अनुताई वाघ त्यांच्या बरोबर होत्या. माँटेसरींचं तत्त्व त्यांनी ठेवलं, महागडं साहित्य बाजूला ठेवलं आणि शिंपले, बिया, पानं, खडे हाती घेतले. मुलं येईनात तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथलाच.

स्वयंपाकघरात काय करता येईल? वेगळा वेळ काढायला जमत नाही.

वेगळा वेळ काढूच नका. घडीची पोळी करताना मुलाला ओट्याजवळ स्टुलावर उभं करा. लाटी पुरीएवढी लाटली: वर्तुळ. तेलाचं बोट फिरवलं, पिठी भुरभुरली, दुमडली: अर्धं. पुन्हा दुमडली: चतकोर. इथे थांबा आणि विचारा, हा त्रिकोण आहे का? बहुतेक मुलं हो म्हणतात. मग बोट फिरवायला सांगा. दोन बाजू सरळ लागतात, तिसरी वाकलेली. माझ्या नातीनं ती वाकलेली बाजू बोटानं दाबून सरळ केली आणि म्हणाली, “आता झाला.”

दिवाळीत शंकरपाळ्या. लाटलेल्या पोळीवर कातण आधी एका दिशेनं फिरवा, सारख्या अंतरावर. मग आडवं फिरवण्याऐवजी तिरकं. आडवं फिरवलं असतं तर चौरस पडले असते. तिरकं फिरवल्यावर बाजू सारख्याच राहतात, कोपरे मात्र दोन अरुंद आणि दोन रुंद होतात. हाच समभुज चौकोन. दुसऱ्या दिशेनं अंतर वाढवलं की समांतरभुज. एक घाणा मुलाला त्याच्या मनासारखा कापू द्या. कडेचे तुकडे त्रिकोणी निघतात, आणि त्यांवर मुलांचा हक्क आमच्याकडे ठरलेला आहे. तळणीच्या वेळी मात्र मूल ओट्यापासून लांबच हवं.

नावं मराठीत शिकवावीत की इंग्रजीत?

घरी ज्या भाषेत जेवणं-झोपणं चालतं, तिच्यात. मराठी नावं स्वतःच अर्थ सांगतात: त्रिकोण म्हणजे तीन कोन, षटकोन म्हणजे सहा. शाळेतली ‘ट्रँगल’, ‘सर्कल’ ही नावं आठवड्याभरात वर चढतात, कारण वस्तू ओळखीची झालेली असते. परदेशातल्या मराठी घरांनाही मी हेच सांगते.

मोबाइलवर आकारांचे खेळ आहेत, ते चालतील?

दोन वर्षांच्या आत नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दिवसभरात जास्तीत जास्त एक तास पडदा, तोही कमी असेल तितका बरा, असं सांगितलं आहे. माझी अडचण आणखी वेगळी आहे. काचेवर त्रिकोण आणि वर्तुळ बोटाला सारखेच गुळगुळीत लागतात.

तुकडे तोंडात घालतात. काय काळजी घ्यायची?

हे नीट वाचा.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती बारीक तुकडा देऊ नका. खेळण्यांच्या चाचणीत सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाची नळी वापरतात. त्यात जो तुकडा पूर्ण मावतो, तो घशात अडकू शकतो. वर ५ सेंटिमीटरचं माप सांगितलं ते यासाठीच.

चुंबकाचे आकार जपून. बाजूंना चुंबक असलेले रंगीत तुकडे दिसायला मोहक असतात, पण तडा जाऊन चुंबक सुटला आणि दोन पोटात गेले तर ते आतड्याच्या वेगवेगळ्या भागांतून एकमेकांना ओढतात आणि आतडं फाटू शकतं. तडकलेला तुकडा त्याच दिवशी टाका. चुंबक किंवा बटणासारखी बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता रुग्णालय गाठा.

१४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते बघूनच घ्या.

चार वर्षं झाली तरी मुलगा सारखे आकार जुळवत नाही, रंगही गोंधळतात. घाबरायचं का?

घाबरू नका, पण “होईल आपोआप” म्हणून वर्षभर थांबूही नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फक्त लाल-हिरव्यात गोंधळ होत असेल तर तो जन्मजात रंगांधळेपणा असू शकतो. तो मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त आढळतो आणि त्याचा बुद्धीशी काही संबंध नाही. अशा मुलाला आकार आणि स्पर्शानं खेळू द्या, रंगावरून टोकू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्या दिवशी मुलाला आवर्जून न्या आणि तुमची शंका स्पष्ट बोला. गरज पडली तर ते जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात.

अंगणवाडीत पंचवीस मुलं आणि एकच संच. कसं भागवायचं?

आकार मोठे करा, जमिनीवर आणा. खडूनं अंगणात मोठा त्रिकोण, चौरस आणि वर्तुळ काढा. “टाळी वाजली की चौरसात” असं म्हणत पळू द्या. दोरीची टोकं बांधा, तीन मुलांनी आतून ताणली की त्रिकोण, चौथं आलं की चौकोन. दोन मुलांनीच ताणली तर काय होतं, ते त्यांनाच करून बघू द्या.

ठिपक्यांची रांगोळी हाताशी आहेच. ठिपके समोरासमोर मांडले की जोडताना चौरस पडतात. दुसऱ्या ओळीचे ठिपके पहिल्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध घेतले की त्रिकोण आणि षटकोन निघतात. पाच वर्षांची मुलं खडे मांडून हे करू शकतात.

पालघर-डहाणूकडच्या ताईंना तर आणखी सोपं आहे. तिथल्या मुलांच्या घरच्या भिंतीवर वारली चित्र असतं. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस, डोकं वर्तुळ, आणि लग्नाच्या चित्रात देवीचा चौक. पुठ्ठ्याचे त्रिकोण द्या आणि माणसं नाचायला लावा. खालचा त्रिकोण जरा कलवला की माणूस वाकतो, हे मुलं स्वतः शोधतात. अंगणवाडीत २०२३ नंतर जादुई पिटारा, म्हणजे केंद्र सरकारची खेळसाहित्याची पेटी, पोचला असेल तर तो कपाटात ठेवू नका. त्यातली कोडी झिजायलाच हवीत.

सात तुकड्यांचं टॅनग्रॅम कधी द्यावं?

पाच वर्षं पूर्ण झाल्यावर, आणि सुरुवातीला सातही नकोत. हा चिनी खेळ एका चौरसातून कापलेला आहे: दोन मोठे त्रिकोण, एक मधला, दोन लहान, एक चौरस, एक समांतरभुज चौकोन. आधी फक्त दोन लहान त्रिकोण द्या. त्यांचा चौरस होतो, मधला त्रिकोण होतो आणि समांतरभुज चौकोनही होतो. हे तिन्ही हाताला सापडले की उरलेले तुकडे आणा.

समांतरभुज तुकड्यापाशी सगळी मुलं अडतात. बाकीचे सहा नुसते फिरवले तरी जागेवर बसतात. हा एकटाच असा आहे की कधीकधी कितीही फिरवला तरी बसत नाही, कारण तो उलटा करावा लागतो. तिथे “अगं, पलट की” असं आपल्या तोंडात येतं, ते गिळून टाका. माझ्याकडच्या एका मुलीला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी तुकडा हातातून निसटला, उलटा पडला, तिनं तसाच उचलून बसवला, आणि मग पुन्हा काढून, पलटवून, पुन्हा बसवून पाहत राहिली.